कार्यक्रमाची साडी

मॅडमनी स्वतःच्या हातानं माझी टिकली काढली. विचारलं नाही, सांगितलं नाही. नखानं उचलली आणि समोरच्या आरशाला चिकटवून टाकली.

मुलुंडमधल्या एका हॉलची मागची खोली होती ती. बाहेर खुर्च्या भरत होत्या, माइकवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी जयंतीला नेसते ती निळी साडी नेसून गेले होते. केस नीट बांधले होते. मला स्टेजवर बोलायचं होतं ना, म्हणून. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, लग्नाला आलीयस का?" बाजूला उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. मॅडमच्या संस्थेच्याच होत्या.

माझा नवरा गेला तेव्हा माझ्या सासूनं माझ्या कपाळाला हात लावला नव्हता. उलट तीच म्हणाली होती, लावायची तर लाव, आपल्यात हे असलं काही नाही. जे माझ्या अंगठाबहाद्दर सासूनं केलं नाही ते या बाईंनी केलं. शिकलेल्या, परदेशात राहून आलेल्या, एकट्या बायकांसाठी संस्था चालवणाऱ्या बाईंनी.

मग एक पिशवी उघडली. त्यातून साडी काढली. पोपटी, धुऊन धुऊन रंग गेलेला, पदरावर तपकिरी ठिगळ. म्हणाल्या, ही नेस. मी विचारलं, कुणाची आहे? हसणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, कार्यक्रमाची.

मला काही कळेना. साडी कार्यक्रमाची कशी असेल? तर त्यांची पद्धतच होती. दरवर्षी एक बाई निवडायची. तिनं ही साडी नेसून स्टेजवर यायचं, आपली कहाणी सांगायची, रडायचं. मग प्रमुख पाहुणे तिला नवीकोरी साडी देणार, ती अंगावर धरून तिनं फोटोला उभं राहायचं. आधीची बाई, नंतरची बाई. शेवटी संस्थेच्या सगळ्या बायकांनी मिळून मॅडमना शाल घालायची. टाळ्या झाल्या की पोपटी साडी परत पिशवीत, पुढच्या वर्षीच्या बाईसाठी.

नेसताना ठिगळ हाताला लागलं. मी पदर उलटा करून बघितलं. आतलं कापड धड होतं. कुठं फाटलेलंच नव्हतं. चांगल्या साडीला कुणीतरी बसून ठिगळ लावलं होतं, आम्ही गरीब दिसावं म्हणून. च्यायला, आमची खरी गरिबी पण यांना पुरली नाही.

तरी मी ती नेसले. मुकाट नेसले. का, ते सांगते.

माझा नवरा विलास बिल्डिंगींना बाहेरून रंग द्यायचा. झुल्यावर बसून. गच्चीवरून दोर सोडतात, खाली फळी बांधतात, त्या फळीवर बसून माणूस भिंत रंगवत रंगवत खाली येतो. त्याला त्या कामाचा काय माज होता. मुलुंडमधून चालताना पोरीला दाखवायचा, ही बिल्डिंग माझी, ती पिवळी पण माझी. मैत्री, आमची मुलगी, तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तिला खरंच वाटायचं की एवढ्या बिल्डिंगी पप्पांच्या आहेत.

एका दुपारी दोर सुटला. विलासच्या कंबरेला पट्टा नव्हता. कंत्राटदारानं पट्टे आणलेच नव्हते. आणि पोलीस आल्यावर तोच कंत्राटदार म्हणाला, पिऊन चढला होता. बस. एवढं बोलला आणि माझा माणूस दारुडा झाला.

विलास दारूला शिवत नव्हता. वासानंच त्याला मळमळायचं. कुणाच्या हळदीला गेला तरी बाटली निघाली की चप्पल घालून घरी. पण मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही. नाहूरच्या आमच्या वस्तीत ती गोष्ट फिरली. जे लोक त्याच्याबरोबर चहा प्यायचे तेच म्हणायला लागले, काय सांगता येतं बाबा, घेत असेल गुपचूप. शाळेत एका मुलीनं मैत्रीला बेवड्याची पोरगी म्हटलं. मैत्रीनं तिचे केस उपटले. मला शाळेत बोलावून घेतलं, बाईंनी माझ्यासमोर तिला झापलं. मी तिला घरी येऊन एक शब्द बोलले नाही. भजी करून घातली.

मला निराधारचे सरकारी पैसे सुरू झाले. येतील तेव्हा येतील. दरवर्षी जाऊन सांगायचं, मी जिवंत आहे, मी दुसरं लग्न केलेलं नाही, मी अजून गरीबच आहे. खिडकीतला माणूस मान वर न करता विचारायचा. त्यात भागत नव्हतं, पण सोडायची पण भीती. समजा काम धरलं, पैसे बंद झाले, आणि मग काम सुटलं? पोर घेऊन जायचं कुठं? ही भीती ज्या बाईला माहीत आहे तिला समजावून सांगायला लागत नाही. ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, या बायकांना फुकटची सवय लागलीय.

म्हणून मी त्या संस्थेत गेले. निराधारच्या पैशांवर जगणाऱ्या एकट्या आयांना नोकरीला लावायचं, हे त्यांचं काम. दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, हात पसरू नका, हात चालवा. मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. तिथं मला कॉम्प्युटरवर बिल काढायला शिकवलं, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवलं. शिकवणारी मुलगी चांगली होती, खोटं कशाला बोलू. आणि एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात बिलिंगची जागा निघाली. मालक मॅडमच्या ओळखीचा. मॅडमनी एक फोन केला की मी आत. बसून काम, एसी, आणि मैत्रीची शाळा सुटायच्या आत घरी. मला ती जागा इतकी पाहिजे होती की मी भाजी निवडताना पण मनातल्या मनात बिलं काढायचे.

मॅडम म्हणाल्या, करते ना फोन. आधी आपला कार्यक्रम होऊ दे, या वर्षी तूच बोलायचंस.

काय बोलायचं ते पण त्यांनीच ठरवलं होतं. नवरा दारुडा, मारझोड करायचा, दारूतच गेला, मग संस्था भेटली आणि आयुष्य बदललं. मी म्हटलं, मॅडम, तो पीत नव्हता, तो झुल्यावरून पडला. पट्ट्याचं पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं नाही असं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. खरं काय ते त्यांना कळलं होतं. तरी म्हणाल्या, "अपघात म्हटलं की लोक हळहळतात आणि विसरतात गं. दारू म्हटलं की त्यांना बरोबर वाटतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आणि जरा रडलीस तरी चालेल. थांबवू नकोस."

मी घरी येऊन विचार केला. वस्तीत तसं पण सगळे त्याला दारुडा म्हणतातच. एकदा मी म्हटलं तर काय होणार? विलास असता तर म्हणाला असता, बोल, पोरीचं भलं होतंय ना. असं मी स्वतःला समजावलं. आणि गेले.

तर मी त्या साडीत स्टेजवर चढले. मागच्या पडद्यावर चित्र आलं, हातात बाटली घेतलेला कुठला तरी माणूस, तोंड काळोखात. मॅडम बोलायला लागल्या. या आमच्या भगिनी, यांच्या यजमानांना दारूनं गिळलं. मागच्या खोलीत अगं-तुगं आणि माइकवर भगिनी. पुढच्या रांगेतल्या बायका चक् चक् करत होत्या. एकीनं पर्समधून आधीच रुमाल काढून ठेवला होता.

मैत्री पण पहिल्याच रांगेत होती. तिला संस्थेनंच आणून बसवलं होतं, हातात बिस्किटाचा पुडा देऊन. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या बाटलीवाल्या माणसाकडे बघत होती. बघता बघता तिनं मान खाली घातली. पप्पांसाठी दुसऱ्या पोरीचे केस उपटणारी माझी मुलगी. एवढ्या लोकांसमोर ती कोणाचे केस उपटणार होती? तिनं मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. दुकान, एसी, बिलिंग, सगळं गेलं खड्ड्यात.

माइक हातात आला. मी म्हटलं, "माझा नवरा दारू पीत नव्हता. त्याचं नाव विलास. तो तुमच्या बिल्डिंगी रंगवायचा. त्याला पट्टा दिला नाही म्हणून तो पडला. पडद्यावरचा माणूस खोटा आहे आणि या साडीचं ठिगळ पण खोटं आहे."

आणि पदर उलटा करून दाखवला.

रुमालवाल्या बाईचा रुमाल हवेतच राहिला. मॅडमनी हसत हसत माझ्या हातातून माइक काढून घेतला. म्हणाल्या, त्या जरा भावुक झाल्यात, आपण समजून घेऊ या. कोणीतरी गाणं लावलं. दोघी बायकांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं.

मागच्या खोलीत दार लागल्यावर मॅडमचा खरा आवाज निघाला. "तुमच्या लोकांसाठी कितीही करा. लायकीच नाही. साडी काढून ठेव आणि चालू लाग."

तुमच्या लोकांसाठी. कुठल्या लोकांसाठी ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तो शब्द मला शाळेपासून ओळखीचा आहे. पाण्याच्या टाकीपाशी ऐकलेला, भाड्यानं खोली बघायला गेले तेव्हा ऐकलेला. बायकांचं भलं करणाऱ्या तोंडातून तो यायचा बाकी होता, तो पण आला.

साडी मी काढली नाही. म्हटलं, अंगावरची साडी मी कुणासमोर फेडत नाही. माझी निळी साडी पिशवीत भरली. आरशावरची टिकली काढली, त्याच आरशात बघून कपाळाला लावली. आणि मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं बाहेर पडले. पोरीचा हात धरून, ठिगळाच्या साडीत, खुर्च्यांच्या मधून. लोक पाय आत घेत होते.

फोन काही झाला नाही. दुकानातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

आमच्या शेजारी सुनंदाताई राहतात. मालवणकडच्या. त्यांनी माझ्या अंगावर ती साडी बघितली आणि पुढे होऊन पदरावरचं ठिगळ शोधलं. आदल्या वर्षीची बाई त्याच होत्या. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणून. त्यांचा नवरा दुसरीबरोबर निघून गेला, हे मला माहीत होतं. स्टेजवर त्याला पण दारुडाच केला होता. म्हणाल्या, "माझो घोव दारूक कधी शिवूक नाय गो. पण माका सांगल्यानी रड, मी रडलंय." त्याचं बक्षीस म्हणून त्यांना मॅडमच्याच बिल्डिंगीत लादी पुसायला ठेवलं. संस्थेनं नोकरीला लावलं म्हणे.

मी पण मग दारोदार फिरले. फरसाणच्या कारखान्यात, लाँड्रीत, कुठं कुठं. शेवटी एलबीएस रोडच्या एका पेट्रोल पंपावर बोर्ड दिसला, महिला कर्मचारी पाहिजेत. मॅनेजरनं कहाणी विचारली नाही. उभं राहता येईल का, एवढंच विचारलं. सुरुवातीला पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत, पेट्रोलच्या वासानं जेवण जायचं नाही. रिक्षावाले काहीबाही बोलायचे. मी पण ऐकून घेणारी नाही. पहिला पगार झाला आणि मी स्वतः जाऊन निराधारचे पैसे बंद करून आले. त्या दिवशी खिडकीतल्या माणसानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आता मैत्री आठवीत आहे. पंपावर नवीन बाई आली की मॅनेजर माझ्याकडे पाठवतो. गाडी आली की पहिलं सांगायचं, झिरो बघा. म्हणजे मीटर शून्यावर आहे ते गिऱ्हाइकानं आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचं, नंतर कटकट नको. मी ते खणखणीत सांगते. मला आवडतं ते सांगायला.

मध्यंतरी एक मोठी पांढरी गाडी आली. मागची काच खाली झाली. मॅडम. बघितल्या बघितल्या ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "अगं, तूच ना? बघ, शेवटी आमचं ट्रेनिंगच कामाला आलं." आणि मोबाईल काढून माझा फोटो घेतला. युनिफॉर्ममध्ये, हातात नोझल. मॅनेजर समोर उभा होता आणि गिऱ्हाइकाला उलट बोललं की नोकरी जाते. मी एवढंच म्हटलं, मॅडम, झिरो बघा. त्यांनी बघितलं नाही. त्या फोटो बघत होत्या.

मग या वर्षीच्या कार्यक्रमाचा बॅनर लागला. मैत्रीच्या वर्गातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकला. मैत्री संध्याकाळी पंपावरच आली, तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. बॅनरवर मी. खाली लिहिलेलं, दारुड्या पतीच्या छळातून स्वावलंबनाकडे. मी ड्यूटीवर रोज टिकली लावते. बॅनरवरच्या माझ्या कपाळाला टिकली नव्हती. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून पुसली होती.

मैत्री रडली नाही. म्हणाली, "आई, पप्पा परत दारुडे झाले."

इतकी वर्षं मी मॅडमना त्या म्हणत आले. आता ती. एका माणसाला तिनं दोनदा मारलं. कंत्राटदारानं निदान स्वतःची कातडी वाचवायला खोटं सांगितलं. हिनं कशासाठी सांगितलं? टाळ्यांसाठी. एका शालीसाठी.

वस्तीतले म्हणतात, जाऊ दे, तुझं आता चांगलं चाललंय. मॅनेजर म्हणतो, मोठ्या लोकांच्या नादी लागू नको. माझी सासू पण म्हणाली, माफ करून टाक, तुलाच हलकं वाटेल. मला हलकं वाटायला नकोय. मला बदला पाहिजे. रागाच्या भरात बोलत नाही. चार चांगल्या माणसांत बसून बोलते, मला बदला पाहिजे.

या वर्षी स्टेजवर उभी करायला तिनं शबाना निवडलीय. देवनारची, दोन लेकरांची आई. नवरा टीबीनं गेला. तिला पण पाठ करायला दिलंय, दारू. मी शबानाला जाऊन भेटले. ती घाबरली होती. म्हणाली, दीदी, काम तो वही देगी ना. मला माझीच आठवण आली आणि अंगाचा भडका उडाला. मी मॅनेजरला धरून बसले, दुपारच्या शिफ्टला बाई हवीच होती. शबाना आता कामाला लागलीय. युनिफॉर्म मिळाला, झिरो बघा म्हणायला शिकली. आता मॅडमच्या फोनची तिला गरज नाही. संस्थेतल्या बाकीच्या बायकांना पण सांगून ठेवलंय, काम मी बघते, कुणी रडायचं नाही.

शबाना कार्यक्रमाला जाणार. संस्थेची साडी नेसणार नाही, तिचा ईदचा ड्रेस घालून जाणार. माइक हातात आला की नवऱ्याचं नाव घेणार, टीबी म्हणणार, आणि मला आणि सुनंदाताईंना वर बोलावणार. सुनंदाताई पहिल्यांदा म्हणाल्या, सोड गो. मग बॅनर बघितला. आता त्या माझ्यापेक्षा जास्त पेटल्यात, लादी पुसायचं काम सोडायची तयारी ठेवून बसल्यात.

ती पोपटी साडी माझ्याकडेच आहे. पत्र्याच्या पेटीत. कुणी म्हणालं गोधडीला घे, कुणी म्हणालं पायपुसणं कर. मी हात लावू दिला नाही. ठिगळ आहे तसं आहे.

येत्या शनिवारी कार्यक्रम आहे. मी टिकली लावून जाणार, निळी साडी नेसून. मैत्री पहिल्या रांगेत बसणार, मान वर करून. शेवटी मॅडमला शाल घालायची वेळ येईल तेव्हा मी पुढे होणार आहे. शाल नाही घालणार. तिची साडी तिच्या अंगावर घालणार, ठिगळ लोकांना दिसेल अशी. आणि माइक तिच्या हातात देऊन सांगणार, बोला मॅडम. आता तुमची कहाणी सांगा. विलासच्या हातात बाटली कुणी दिली ते सांगा. जरा रडलात तरी चालेल. थांबवू नका.